‘पयल्यापासून असंच हाय’ : यापुढे बोलणं सरकवायचं कसं?

आगोट (धागाकर्ता) | १४ मे, रात्री १०:४०

मंडळी, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. मुंबईत अकरा वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी घर उघडलं आणि इथेच राहिलो. शेती चुलत्यांबरोबर सामायिक. सातबारावर किती नावं आहेत ते विचारू नका, त्यासाठी वेगळा धागा लागेल.

परवा देवळात वाडीची बैठक झाली. विषय शिमग्याच्या हिशेबाचा. तो संपला, चहा आला, आणि मी मध्येच तोंड उघडलं. म्हटलं, यंदाची भाजावळ झाली ती झाली, पुढच्या वर्षीपासून बंद करू या. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो : भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पातेरा, ऐन-किंजळीचा कवळ, वर माती असे थर रचून उन्हाळ्यात पेटवतात. आमच्याकडे भाजावळ, रायगडात राब. कवळ म्हणजे झाडावर चढून तोडलेल्या फांद्या. आमच्या वरच्या भरडावरचे ऐन बघा, खांबाला शेंडी ठेवल्यासारखे उभे आहेत.

तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण पुढे चिखलणी आणि लावणीवरही घसरलो. माणसं मिळत नाहीत, निम्मे कोपरे (शेताचे तुकडे) पडीक, तरी दरवर्षी त्याच चिखलात कंबर मोडायची. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली पद्धत सांगितली : गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरायचं नाही, साच्याने २५ बाय २५ सेंटिमीटरवर खड्डे पाडून बी टोकायचं, आवण (लावणीसाठी काढलेली रोपं) नाही, लावणी नाही.

सगळे गप्प. मग आमचे तात्या (थोरले चुलते, वय ७४) म्हणाले, "आमचे बाप काय खुळे व्हते? पयल्यापासून असंच हाय." बैठक उठली. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात.

भातशेतीचा सल्ला नकोय. हे एक वाक्य आलं की पुढे रस्ताच नसतो. तुम्ही काय करता?

---

खारवी_पोर | १४ मे, रात्री ११:०५

शास्त्रज्ञ बरं आहे. मला ‘कलेक्टर’ म्हणतात. बोटीवर डिझेलचा हिशेब वहीत लिहा म्हटलं, एवढाच गुन्हा.

---

निवृत्त_मास्तर | १५ मे, सकाळी ६:१५

आगोटराव, ते वाक्य तुमच्या तात्यांचं नाही. आपल्या किनाऱ्यावर ते फार जुनं आहे आणि आजवर बऱ्याच बड्या लोकांनी वापरलंय.

खोतीही पयल्यापासूनच होती. कुळाने राबायचं, पिकाचा मोठा वाटा खोताच्या पडवीत न्यायचा, वर वेठ वेगळी. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये शेतकरी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले आणि शेत कसायचंच नाही असं ठरवून बसले. १९३९ पर्यंत. सहा पावसाळे जमीन पडीक, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत थडकले. आणि कायदा झाला कधी? १९४९ ला. प्रश्न आणि उत्तर यांत एवढं अंतर.

मी ३२ वर्षं शाळेत होतो. मुलांना हा धडा शिकवताना एक गोष्ट कायम राहून जायची. चरीच्या बायकांनी त्या सहा वर्षांत चूल कशी पेटवली, हे कोणी लिहूनच ठेवलं नाही नीट. ‘विचारा प्रश्न’ म्हणणं सोपं आहे. जो विचारतो त्याच्या घरात दुसऱ्या दिवशी भात शिजणार आहे का, तेही बघा. तुमच्याकडे मुंबईची पुंजी असेल. वाडीतल्या ज्याच्याकडे दहाच गुंठे आहेत त्याला तुमचा प्रयोग फसला तर वर्षभर विकतचा तांदूळ. तो गप्प बसला तर त्याला मागासलेला म्हणू नका.

---

खेकडा | १५ मे, दुपारी १:३०

मास्तरांना नमस्कार. पण चरी कुठे आणि भाजावळ कुठे! तिथे समोर खोत होता, इथे समोर स्वतःचा काका आहे.

आणि आगोट, ती नांगरटबंदीची पद्धत वाचलीय मी. कापणीनंतर धसकटं मारायला तणनाशक लागतं ना? ऐनाच्या चार फांद्या वाचवायला शेतात औषध ओतणार, आणि तात्या मागासलेले! सध्या ‘चौकट मोडा’ सांगणारे फार झालेत. मोडलेल्या चौकटीची लाकडं कोण उचलणार ते कोणी सांगत नाही.

---

आगोट | १५ मे, दुपारी २:१०

तणनाशक लागतं, मान्य. काहीजण न वापरताही करतात, पण मग तण हाताने. तात्यांना मागासलेले मी म्हटलेलं नाही. (म्हटलं नाही, पण बैठकीत माझा सूर तसाच होता. बायकोने घरी आल्यावर सांगितलं.)

---

कलमवाला | १५ मे, रात्री ९:२०

आगोटानू, तुमचा बरोबर आसा, पण माझा पण जरा आयका. मी देवगडचो. पुढचा प्रमाण भाषेत लिवतंय, नायतर अर्धे लोक अर्थ इचारीत बसतले.

आमच्याकडे उलटं झालं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, हे पयल्यापासून. मग कल्टार हे झाडाची वाढ रोखणारं औषध आलं. पावसाळ्यात खोडाभोवती मातीत घालायचं, झाडाची पालवी आवरते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. कोणी प्रश्न विचारला नाही. जुन्याला सगळे ‘का’ विचारतात, नव्याला कोणी नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मात्रा झाडाच्या घेरावर ठरवून दिलेली, सोबत खत वाढवा, छाटणी करा हेही सांगितलेलं. पण झाडं चार वर्षांच्या कराराने घेणाऱ्याला पाचव्या वर्षाशी काय देणंघेणं? बाटली उपडी. आमच्या दोन वाड्या कराराने दिल्या होत्या, परत आल्या तेव्हा आजोबांच्या हातच्या कलमांच्या पालवीची पेरं बोटभरसुद्धा नव्हती, पानांचे नुसते झुबके. ती झाडं सावरायला सहा वर्षं गेली.

तेव्हा वडील काय म्हणाले सांगू? "जमाना बदललाय, आता असंच असतं." हे पण तुमच्या तात्यांचंच वाक्य, फक्त पँट-शर्ट घातलेलं.

---

सुरंगी | १६ मे, सकाळी ११:४५

कलमवाल्यांचं शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं.

मी दापोलीची. आमच्या जवळचं मुरूड म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि बायकोला घेऊन गावी गेले तर गावाने बहिष्कार घातला. गावाच्या भल्यासाठी निधी गोळा करणारा माणूस, त्यालाच. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, आता सगळ्यांनाच ते आपले वाटतात. मी शाळेत त्यांच्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलंय, आणि त्याच वर्षी बाबा गेले तेव्हा आईच्या बांगड्या फोडताना मी दारात उभी होते. निबंध आणि बांगड्या यांचा काही संबंध आहे हे मला बारावीपर्यंत कळलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाडने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं, तेव्हा आमच्याकडेही ठराव झाला. एकमताने. एकमताने झाला म्हणजे कोणी ऐकलाच नव्हता. त्या मार्गशीर्षात हळदीकुंकवाला आईला बोलावणं नाहीच.

फरक पडला तो माझ्या सासूबाईंमुळे. त्या काही सुधारक-बिधारक नाहीत, सोमवार-गुरुवार सगळं पाळतात. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या घरच्या हळदीकुंकवात करंडा उचलला, थेट माझ्या आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आधी तुम्ही." बायका बघत राहिल्या. एक उठून गेली. बाकीच्या बसल्या, कारण वाटली डाळ आणि पन्हं यायचं होतं. (हसू नका, खरं आहे.) यंदा आळीतल्या तीन घरांत आईला बोलावणं होतं. तिसऱ्या घरी ती स्वतःच गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघेच दुखत असतील का, मला माहीत नाही.

आगोटदादा, तुम्हाला टपरीवर नाव तरी ठेवलं. मी सून म्हणून तोच प्रश्न विचारला असता तर ऐकूच गेला नसता. कोण विचारतंय यावर फार असतं.

---

निवृत्त_मास्तर | १६ मे, दुपारी ४:००

सुरंगीबाई, ठरावाचं म्हणालात म्हणून. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. एकाही अस्पृश्याला ओंजळभर पाणी घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा पाणी ओठाला लागलं. पुढे तळं बाटलं म्हणून शुद्धीचे सोपस्कार आणि वर कोर्टबाजी. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. तुमच्या सासूबाई तळ्यावर चालत गेल्या असं मी म्हणेन.

---

वशिष्ठीकाठ | १६ मे, रात्री ८:५०

धागा छान चाललाय. एक वेळासचं सांगतो, मंडणगड तालुका, नाना फडणवीसांचं गाव. तिथे समुद्री कासवांची अंडी उकरून खाणं आणि विकणं हे पयल्यापासून. एका घरट्यात शंभरेक अंडी, आणि उकरणाऱ्याला ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी सापडायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम धरलं. कायदा होताच, १९७२ पासून. धाक घालता आला असता. त्यांनी वाळूवरचा माग कोणाला नेमका कळतो ते शोधलं. तो अंडी काढणाऱ्यांनाच कळत होता. त्यांच्यातल्याच माणसांना घरटी शोधायला आणि राखायला घेतलं. पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडतात. नंतर लोक बघायला यायला लागले, घरांत पाहुणे उतरायला लागले.

म्हणजे चूक करणाऱ्याकडे जी विद्या होती तीच कामाला आली. तुमच्या तात्यांना भाजावळीची काय विद्या आहे, विचारलंत कधी?

---

खेकडा | १६ मे, रात्री ९:१५

हा प्रश्न बरोबर आहे. (मी सहमत झालो याची नोंद घ्यावी.)

---

गोड्या_पाण्याची_विहीर | १७ मे, सकाळी १०:००

सगळं ठीक, पण आमच्याकडे गावकीच्या विरोधात बोललं की पालखी दारात येत नाही, लग्नाला माणूस येत नाही. तुम्ही गमतीत नावं ठेवण्यावर आहात, इथे बोलणंच बंद होतं.

---

वकीलकाकू | १७ मे, सकाळी १०:४०

विहीर, वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगडातल्या प्रकरणांचा हा कायदा व्हायला मोठा वाटा आहे. तक्रार पोलिसांत करता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही. माझा अनुभव मात्र असा की निम्म्या प्रकरणांत तक्रारीची तयारी आहे एवढं कळलं तरी पालखी दारात येते. उरलेल्या निम्म्यांत येत नाही, आणि तेव्हा कायदा हातात असूनही माणूस एकटाच असतो. तुमचं प्रकरण कुठल्या निम्म्यातलं ते इथे उघड्यावर लिहू नका, निरोप पाठवा.

---

आगोट | १९ मे, रात्री ११:३०

वशिष्ठीकाठ यांचं ऐकलं. काल संध्याकाळी तात्यांच्या पडवीत जाऊन बसलो. बंद करा वगैरे काही बोललो नाही. विचारलं, तात्या, भाजावळ नक्की कशासाठी करतात?

आधी त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग जे सुरू झाले ते जेवणवेळेपर्यंत. भाजल्याने त्या तुकड्यातलं तणाचं बी मरतं, किडी मरतात, म्हणून रोपात तण नाही. माती भुसभुशीत होते, म्हणून आवण काढताना मूळ तुटत नाही. "तुझ्या आजीची नखं बघितली नव्हतीस तू. कच्च्या (न भाजलेल्या) तरव्यातलं आवण काढून काढून निघाली व्हती." आणि शेण एवढ्याशा तुकड्यातच का? "आपल्या पावसात आख्ख्या शेताला खत घातलंस तर ते शास्त्री नदीला मिळणार." वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो इथे. तोकडं खत लहान जागेत जिरवायचं, रोप दणकट करायचं, मग ते बाहेर न्यायचं. ही गोष्ट मला अकरा वर्षांच्या मुंबईने आणि तीन वर्षांच्या यूट्यूबने सांगितली नव्हती.

पण खरी पंचाईत पुढे झाली. मी म्हटलं, कवळासाठी ऐन तोडतात त्याचं वाईट वाटतं. तात्या माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी चार वर्सं झाली कवळ तोडत नाय. चढवत नाय झाडावर. नुसत्या पातेऱ्यावर आणि गवतावर भाजतो. तू बांधावरून जातोस रोज, दिसलं नाय तुला?"

नाही दिसलं. जे ऐन मी बैठकीत दाखवले ते शेजारच्या वाडीतल्यांचे.

मग त्यांनी त्यांच्या वडलांची गोष्ट सांगितली. आजोबांनी वाडीत पहिल्यांदा जया भात आणलं. पीक दुप्पट, पण काड बुटकं, पेंढा कमी, गुरांना काय घालणार म्हणून आजी दोन महिने धड बोलली नव्हती, आणि वाडी त्यांना ‘बियाणेवाला’ म्हणायची. आजोबांनी निम्म्या शेतात जया लावलं, निम्म्यात जुनं पटणी ठेवलं, गुरांसाठी. म्हणजे ‘पयल्यापासून’ म्हणजे नक्की कधीपासून, हे तात्यांनाही पक्कं ठाऊक होतं. बैठकीत मी चारचौघांत त्यांच्या बापाला खुळा ठरवला होता, त्याचं ते उत्तर होतं. भाजावळीचं नव्हतंच.

४ गुंठ्यांचा खालचा कोपरा मला दिलाय यंदा. म्हणाले, "तुझं तू कर. माझ्या आवणात पाय ठेवू नको."

---

सुरंगी | २० मे, सकाळी ७:३०

‘माझ्या आवणात पाय ठेवू नको’ म्हणजे आशीर्वादच समजा.

---

कलमवाला | २० मे, सकाळी ८:१०

चार गुंठे. बरां केलात. आमच्या वडलांनी पन्नास कलमांवर येकदम केल्यानी.

---

खेकडा | २६ जुलै, संध्याकाळी ६:००

आगोट, काय झालं? की वाफे वाहून गेले?

---

आगोट | २७ जुलै, रात्री १०:१५

तुमच्याच भाऊबंदांनी घात केला. टोकलेलं बी उगवलं, दोन पानं आली आणि बांधातल्या खेकड्यांनी दोन वाफे साफ केले. पुन्हा टोकलं. तणाने तर अंत पाहिला. एकदा औषध मारलं, दोनदा हाताने काढलं, तिसऱ्यांदा बायको म्हणाली यापेक्षा लावणी परवडली. तात्या रोज बांधावरून जातात, काही बोलत नाहीत. एकदा फक्त खोकले.

---

आगोट | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

कापणी झाली, आकडे देतो. माझ्या ४ गुंठ्यांत १०४ किलो भात. शेजारी तात्यांच्या तेवढ्याच जागेत ११२. म्हणजे हरलो. पण त्यांना लावणीला चार बायका एक दिवस आणि पॉवर टिलर लागला. मला लावणी नाही, चिखलणी नाही, फक्त तणाने घेतलेला घाम. हिशेब वहीत आहे. (खारवी_पोर, वही बरी असते.) घामाचा आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा ते ठरलेलं नाही, त्यामुळे परवडलं की नाही याचं उत्तर घरात दोघांचं दोन आहे.

टपरीवर अजून शास्त्रज्ञच म्हणतात. मात्र दोघांनी साचा कुठून आणला ते विचारलं, एकाने फक्त किंमत विचारली आणि निघून गेला.

आज सकाळी शेतावर गेलो तर तात्या माझ्या वाफ्यात कुदळ घेऊन बसलेले. धसकटाचा एक ठोंब मुळासकट उपटून हातात फिरवत होते. विचारलं, काय बघताय? म्हणाले, "नांगर नाय घातलास तर ही मुळं कुजणार कधी? आणि नाय कुजली तर पुढच्या वर्साला बी जाईल कुठे?" मला उत्तर माहीत नव्हतं. पुस्तकात लिहिलंय की मुळं आत कुजून माती मोकळी होते, पण आपल्या कातळावरच्या एवढ्याशा मातीत किती दिवसांत ते लिहिलेलं नाही. तसं सांगितलं. त्यांनी दुसरीकडे उकरलं. दोन गांडुळं निघाली.

"दोनच?" म्हणाले.

शिमग्यापर्यंत दर अमावस्येला एक वाफा उकरून बघायचं ठरलंय. कुदळ त्यांची.

---

वशिष्ठीकाठ | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

साचा उसना मिळेल का? मे महिन्यात दोन दिवस. ३ गुंठे आहेत.

---

आगोट | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

न्या की. आधी खेकड्यांचा बंदोबस्त करा, या आयडीचा नव्हे.